एका रागाला एकच

आमच्या घरात एका रागाला एकच रेकॉर्ड, असा नियम होता. एक यमन, एक तोडी, एक दरबारी. दुसरा यमन घरात यायचा असेल तर पहिल्यानं घर सोडायचं. आजोबांनी सुताराकडून कपाटच तसं करून घेतलं होतं. काचेची दारं, आत उभे अरुंद खण, आणि एका खणात एकच रेकॉर्ड मावेल एवढीच जागा. आजोबा गेले तरी नियम राहिला, आणि नियम राखायला आत्या राहिली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. "बेसूर माणसाबरोबर संसार करण्यापेक्षा सुरात एकटं राहिलेलं काय वाईट?" असं ती म्हणायची. आजोबा तिच्या कानाला सोनाराचा काटा म्हणत. आमच्या घरातली पुढची खोली, सकाळचं ऊन येणारी, रस्त्यावर खिडकी असलेली, आत्याची होती. आईला ती खोली हवी होती. मी मोठी झाले होते आणि अजून आईबाबांच्या खोलीत पडद्याआड झोपत होते. शिवाय नणंदेचं तोंड रोज उठून बघायचा तिला कंटाळा आला होता. गावाबाहेर वयस्कर बायकांची एक संस्था होती. आत्याला तिथे पाठवायचा विषय आई वरचेवर काढायची, आणि बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"ती गेली तर कपाट कोण राखणार? या घराचा कान आहे ती."

म्हणजे आत्या त्या घरात कानाच्या जोरावर राहत होती. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त तिला.

रविवारी दुपारी जेवणं झाली की 'कुस्ती' व्हायची. बाबा दुकानातून नवी रेकॉर्ड ऐकायला म्हणून घेऊन यायचे. आत्या कपाटासमोरच्या वेताच्या खुर्चीत, ग्रामोफोनकडे पाठ करून बसायची. दोन्हींपैकी कुठली लावली आहे हे तिला दिसता कामा नये, म्हणून ही व्यवस्था. रेकॉर्डी आई लावायची. आधी एक, मग दुसरी. शेवटी आत्या बोलायची. जी ठेवायची तिला 'ठेवा', जी जायची तिला 'काढा'. 'काढा' म्हटलं की ती रेकॉर्ड दुसऱ्या दिवशी घरात दिसायची नाही. त्यावर अपील नव्हतं.

त्या दुपारी मला अजून आठवतात. पडद्यातून गाळून आलेला उजेड, रेकॉर्डच्या पुठ्ठ्याचा वास, सुई टेकल्यावरची ती बारीक खरखर. सगळी माणसं एका जागी, कुणी कुणाशी भांडत नाही, असा आठवड्यातला तो एवढाच वेळ. पण लोक यायचे ते गाण्यासाठी नव्हे, आत्याच्या जिभेसाठी. एका नामांकित बाईंच्या रेकॉर्डला ती म्हणाली होती, "ही गाते की दळण दळते?" दुसऱ्या एका बुवांच्या आलापाला, "हा आलाप नाही, दाढदुखी आहे." वकीलकाका, म्हणजे बाबांचे मित्र, ही वाक्यं कोर्टात जाऊन सांगायचे. त्यांची बायको, आमची काकू, हसून हसून डोळे पुसायची.

आई हसायची नाही. तिच्या वडिलांनी लग्नात तिला एक भैरवीची रेकॉर्ड दिली होती. गाणारा कुणी मोठा नव्हता, आजोळच्याच गावचा एक गवई. कपाटात भैरवीचा खण बरीच वर्षं तिच्याच ताब्यात होता. मग एका रविवारी बाबांनी नवी भैरवी आणली. दोन्ही ऐकून झाल्यावर आत्या म्हणाली, "जुनी काढा. लाडिक आहे."

"माझ्या वडिलांनी दिलेली आहे ती," आई म्हणाली.

आत्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. आई समोर येऊन उभी राहिली आणि तेच पुन्हा म्हणाली. तेव्हा आत्या म्हणाली, "तुझ्या माहेरी कान फक्त डूल घालायला दिलेत, वहिनी. त्याला मी काय करू?"

वकीलकाका खो खो हसले. भैरवी गेली. आईनं त्या दिवसापासून कानात डूल घातले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती गोष्ट घडली. आत्या तेव्हा साठीच्या पुढे होती. दिवसेंदिवस ती जास्तच बोलायला लागली होती. जेवताना, जिन्यात, दारात भाजीवाल्याशी, अखंड बोलणं. समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायची नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारीला गर्व चढलाय. ऐकू न येणाऱ्या माणसाचा तो एक हुकमी उपाय असतो, दुसऱ्याला बोलूच द्यायचं नाही, हे मला फार उशिरा समजलं.

आईला समजलं ते एका दुपारी. आत्या खिडकीशी रस्त्याकडे तोंड करून बसली होती. आई बशांची चळत घेऊन तिच्या मागून चालली होती, पाय सतरंजीत अडकला आणि सगळी चळत फरशीवर. मी आतल्या खोलीतून धावत आले. आत्या तशीच बाहेर बघत बसली होती. खांदासुद्धा हलला नव्हता.

मी काहीतरी बोलणार तोच आईनं ओठांवर बोट ठेवलं. मग ती खाली बसली, एकेक तुकडा परडीत गोळा केला, केर काढला, आणि शांतपणे मामाला फोन लावायला गेली.

मामा, आईचा धाकटा भाऊ, जहाजावर नोकरीला होता आणि स्वभावानं थट्टेखोर. त्या दिवसांत तो एक परकी भाषा शिकत होता. त्यासाठी त्याच्याकडे रेकॉर्डी होत्या. त्यात एक गृहस्थ आधी परक्या भाषेत आणि मग आपल्या भाषेत एकेक वाक्य म्हणायचा आणि तुम्हाला म्हणायला सांगून थांबायचा.

रविवारी मामा आला तो बगलेत पुडकं मारून. या वेळची नवी रेकॉर्ड आपण आणतो, असं त्यानं बाबांना आधीच कळवलं होतं. वकीलकाका आणि काकू येऊन बसले होते. आत्या अजून तिच्या खोलीत होती आणि बाबा पान आणायला खाली गेले होते. आईनं हलक्या आवाजात सगळ्यांना सांगितलं.

"काही झालं तरी हसायचं नाही. माना डोलवायच्या. बस्स."

"आणि खरंच ऐकू येत असेल तर?" काकूनं विचारलं.

"तर ती मला फाडून खाईल. नाहीतरी रोज खातेच."

"ताई, तू म्हणजे अगदी शकुनी आहेस," मामा म्हणाला.

"शकुनी तू. फासे तुझे आहेत."

मी मध्ये पडू पाहिलं. आई म्हणाली, "तुला खोली हवी आहे की नको?" आणि तेवढ्यात आत्या आलीच. स्वच्छ कपडे, केस चापून बसवलेले, एखादा न्यायाधीश यावा तशी. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, बोलायला सुरुवात केली आणि बोलत बोलतच आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

"आज मारवा आहे म्हणे. मारव्याला सोपं समजतात मेले. संध्याकाळची हुरहुर म्हणजे काय पोटदुखी आहे? कोण गाणार आहे?"

आई तिच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तोंड मोठं करून म्हणाली, "नवा आहे. नाव ऐकलेलं नाही कुणी."

"अस्सं. बघू या मग पोराचं काय आहे ते."

बाबा आले आणि आपल्या जागेवर बसले. बाबांची खुर्ची पूर्वी खिडकीजवळ असायची. मधे कधीतरी त्यांनीच ती उचलून आत्याच्या मागे, थोडी डावीकडे आणून ठेवली होती. उजेड डोळ्यांवर येतो, असं कारण त्यांनी सांगितलं होतं. कुणीही त्याचा विचार केला नव्हता. मी त्या दिवशी आत्याच्या पायाशी जमिनीवर बसले होते. म्हणून मला प्रथमच दिसलं की तिथून कपाटाच्या काचेत बाबांचा चेहरा आरशात दिसावा तसा दिसतो, आणि आत्या काचेच्या आतल्या रेकॉर्डींकडे नाही, त्या चेहऱ्याकडे बघते आहे.

आईनं आधी जुना मारवा लावला. तो आजोबांनी घेतलेला होता. आत्याला तो पाठ असणार, कारण चांगल्या कानांनी तिनं तो हजारदा ऐकला होता. काचेतले बाबा ओळखीच्या समाधानानं डोळे अर्धे मिटून बसले होते. आत्या म्हणाली, "हं. याला हरवायचं म्हणजे खायचं काम नाही."

मग आईनं दुसरी रेकॉर्ड लावली. खरखर झाली आणि एक घोगरा पुरुषी आवाज स्वच्छ म्हणाला, "धडा पहिला. ही खुर्ची आहे."

बाबा दचकले. हात खुर्चीच्या दांड्यावरून वर उठला. "ही खुर्ची आहे का?" रेकॉर्डनं विचारलं, आणि आपणच उत्तर दिलं, "होय, ही खुर्ची आहे." बाबांनी मामाकडे पाहिलं. मामानं डोळा मारला. वकीलकाकांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्यांचं पोट गदगदत होतं. काकू खाली मान घालून लाल झाली होती. मग बाबांनी आईकडे पाहिलं. आई ग्रामोफोनजवळ ताठ उभी होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनंती नव्हती.

माझ्यासमोर काच होती. त्या काचेत बाबांचा तो वर उठलेला हात मला दिसत होता. त्यांनी कपाळाला नुसती आठी घातली असती तरी आत्या म्हणाली असती, "काढा, जुना राहू दे," आणि गोष्ट तिथे संपली असती. आई म्हणाली असती की योगायोग. आणखी काही वर्षं निभावलं असतं.

बाबांचा हात खाली आला. गुडघ्यावर टेकला. आणि बोटं सावकाश ताल द्यायला लागली.

त्यांनी डोळे मिटले. मान एका बाजूला गेली, दुसऱ्या बाजूला आली. "ती खिडकी आहे. खिडकी उघडी आहे." बाबांच्या चेहऱ्यावर असं काही सुख उमटलं की खरंच कुणी मारवा गातो आहे असं वाटावं. घरातल्या पाहुण्यांच्या हसण्याला एकट्यानं आडवं यायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. एवढीच गोष्ट. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दुष्टाव्यानं जेवढं झालं असतं तेवढं सगळं झालं.

आत्याचे खांदे सैल झाले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. इतक्या दिवसांत मी तो पाहिला नव्हता.

"घाई नाही पोराला," ती म्हणाली. "बघा, कसा सावकाश चाललाय. थांबतो. थांबायला छाती लागते."

"माझी आत्या शिक्षिका आहे," रेकॉर्ड म्हणाली. "तुझी आत्या काय करते?"

वकीलकाकांच्या तोंडातून रुमाल निसटला.

"वडील असते तर त्यांनी उचलून घेतलं असतं याला," आत्या पुढे म्हणाली. "जुना मारवा मला फार प्रिय आहे. वडिलांची आठवण आहे. पण नियम म्हणजे नियम. जुना काढा. हा ठेवा."

पहिला मामा फुटला. मग वकीलकाका, मग काकू. खुर्च्या कुरकुरल्या, कुणाचा तरी पेला लवंडला. वकीलकाका मांडीवर थापा मारत ओरडले, "आत्याबाई, मारवा नव्हे, मारलाच की हो तुम्ही!" आणि स्वतःच्याच कोटीवर आणखी हसले. घोगरा गृहस्थ मागे शांतपणे सांगत होता की टेबलावर पेन्सिल आहे.

आत्याला काचेत उघडी तोंडं दिसली. ती वळली. एकेकाकडे पाहत गेली. हसणारा माणूस आवाज बंद करून कधी पाहिला आहे का तुम्ही? फार ओंगळ दिसतो. मग तिनं मला विचारलं, "काय लावलं होतं?"

मी आईकडे पाहिलं. आई पुढे आली. आत्याच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणला आणि एकेक शब्द तोडून, ओठ मोठे करून म्हणाली, "ही. खुर्ची. आहे."

आत्याला एकदम समजलं नाही. आईनं पुन्हा म्हटलं, आणि मग जोडलं, "आमच्या माहेरी निदान डूल घालायला तरी कान आहेत, ताई."

हे मात्र आत्यानं अचूक वाचलं. तिचा हात आपोआप कानाकडे गेला आणि मधेच थांबला. मला वाटलं ती आईवर तुटून पडेल. ती आईला ओलांडून बाबांसमोर गेली. बाबांना ती लहानपणापासून बाळ म्हणायची, पन्नाशी उलटली तरी.

"बाळ, तू ताल दिलास."

"अगं, सगळेच डोलत होते," बाबा पुटपुटले. "मला वाटलं, गंमत आहे..."

"सगळ्यांचं मला काय करायचंय? मी तुझ्याकडे बघत होते."

बाबांनी मान खाली घातली. खाली घातलेला चेहरा वाचता येत नाही. तिनं त्यांची हनुवटी धरून वर केली, लहान मुलाची करतात तशी, थोडा वेळ पाहिलं आणि सोडून दिली.

मग ती आईकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. ती नेहमी निकाल सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "तुझ्या वडिलांची भैरवी मी काढली असं तू धरून बसली आहेस ना, वहिनी? तेव्हा माझे कान जाऊन वर्ष उलटलं होतं. तुझी भैरवी लागली आणि यानं नाक मुरडलं. नवी लागली आणि हा डोलला. मी फक्त शब्द उच्चारले. त्या आधीपासून यानं खुर्ची इथे आणून ठेवली आहे. विचार त्याला."

मामाचं हसणं तोंडातच राहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं. विचारायची गरजच पडली नाही. बाबांना काही लपवता येत नसे, तोच तर त्यांचा उपयोग होता.

"लाडिक?" आई म्हणाली. "तुम्हाला लाडिक वाटली माझ्या वडिलांची भैरवी?"

"वाईट नव्हती," बाबा म्हणाले. "नवी जरा... तुला सांगायला मला..."

"तुम्हाला सांगायला जीभ नव्हती. म्हणून बहिऱ्या बहिणीची घेतलीत."

वकीलकाकांनी काकूला खूण केली आणि दोघं चपला शोधायला लागली. जाताना काकू सवयीनं म्हणाली, "छान झाला कार्यक्रम." तिला तसं म्हणायचं नव्हतं.

एवढं कळल्यावर आई आत्याला ठेवून घेईल असं मला वाटलं होतं. दोघी एकाच्याच हातून फसल्या होत्या. पण आईचं मन तसं वळलं नाही. ती म्हणाली, "इतकी वर्षं मला सांगता आलं असतं तुम्हाला. नाही सांगितलंत. माझा अपमान तुम्हाला गोडच लागत होता." आणि हेही खरंच होतं. आठवडाभरात पुढची खोली रिकामी झाली. आत्याची पेटी बाबांनी स्वतः जिन्यावरून खाली नेली. आता त्यांना म्हणायला काही उरलं नव्हतं, कारण घराचा कान गेला आहे हे चारचौघांत सिद्ध झालं होतं, आणि ते सिद्ध करायला त्यांनीच ताल धरला होता.

खोली मला मिळाली. ऊन खरंच छान यायचं तिथे.

कुस्ती पुढे कधी झाली नाही. बाबांनी एकदा दोन केदार आणले, आळीपाळीनं लावून पाहिले आणि दोन्ही दुकानात परत केले. स्वतःच्या तोंडानं 'ठेवा' म्हणणं त्यांना जमेना. आई त्यांच्याशी बोलायची ती कामापुरतं. बाबा काही ऐकायला बसले की ती दारात येऊन त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून उभी राहायची. थोड्या वेळानं बाबा सुई उचलून ठेवायचे.

आत्या त्या संस्थेत बरीच वर्षं जगली. लांब दालन, ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेशी एक स्टूल. मी जायची तेव्हा ती माझ्या ओठांवरून सगळं वाचायची आणि शेजारणींची टवाळी करायची. "ही बघ, झोपेत घोरते म्हणतात. मला काय त्याचं? मला एकटीलाच इथे झोप लागते." जिभेची धार शेवटपर्यंत तशीच होती.

बाबा महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचे. कधी मी बरोबर असायची. दालनाच्या टोकाला ते दिसले की आत्या डोळे मिटून घ्यायची. झोपायची नाही, उशीला टेकून बसलेलीच असायची. फक्त डोळे मिटलेले. बाबा स्टुलावर बसायचे आणि बोलायचे. सुरुवातीला दुकानात आलेल्या नव्या रेकॉर्डींचं, ओळखीच्या माणसांचं. पुढे पुढे त्या दुपारचं बोलायचे. आपण घाबरलो, आपल्याला सुचलं नाही, हात वर उठला होता, हे तू काचेत पाहिलं असशीलच, असं काहीबाही. म्हातारा माणूस पोरासारखा रडायचा. शेजारच्या खाटेवरच्या बायका कूस बदलायच्या. एकदा त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिनं काढून घेतला नाही. पण डोळेही उघडले नाहीत.

"तिला सांग ना, मी आलोय म्हणून," ते मला म्हणाले.

"तिला माहीत आहे, बाबा."

"मग बघत का नाही?"

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. बाबा उठले, दालनभर मागे वळून वळून पाहत गेले आणि दाराबाहेर दिसेनासे झाले. मी आत्याच्या मनगटाला हात लावला. तिनं डोळे उघडले, आधी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"आज चहात साखरच नव्हती," ती म्हणाली. "जाताना त्या बाईला सांगून जा."